ट्रान्झिस्टरला ऊन लागतं

अकोल्यात एक मिस्त्री विमान बांधतो आहे, हे मला एका रेडिओ दुरुस्त करणाऱ्या दुकानदारानं सांगितलं, तेव्हा मी त्याच्या तोंडावर हसलो.

"हसू नका मास्तर," तो म्हणाला. "पंख झाले त्याचे. इंजिन बी बसवलं. आता ठिणगीपायी अडून राहिला. तुमी बी.एस्सी. ना? मंग जाऊन पाह्यना एकदा."

साठ सालानंतरची ती वर्षं. मी अमरावतीच्या एका कॉलेजात फिजिक्सचा डेमॉन्स्ट्रेटर होतो. डेमॉन्स्ट्रेटर म्हणजे प्रोफेसर नव्हे. प्रोफेसर शिकवणार आणि आम्ही तारा जोडून देणार. पण तेल्हाऱ्याकडच्या आमच्या गावात हा फरक कोणाला कळत नव्हता आणि मीही कोणाला समजावून सांगितला नाही. आमच्या घरात माझ्याआधी कोणी मॅट्रिकसुद्धा झालं नव्हतं. हे मी मोठेपणासाठी सांगत नाही. म्हणजे, मोठेपणासाठीच सांगतो; त्यात लाजायचं कशाला? वखरामागं चालणाऱ्या माणसाच्या मुलानं ट्रान्झिस्टर कसा चालतो ते इंग्रजी पुस्तकातून एकट्यानं शिकून घ्यावं, ही काही लहान गोष्ट नव्हती.

आमचे विभागप्रमुख मात्र वकिलाच्या घरातले, तिसऱ्या पिढीतले शिकलेले. वाईट माणूस नव्हता. पण एकदा प्रॅक्टिकलच्या वेळी एका उपकरणाचा स्क्रू सैल झाला आणि मी घाईत तिथं सुतळी बांधली. ते मुलांसमोर म्हणाले, "अहो, हे उपकरण आहे. वखर नव्हे, दोरी गुंडाळली की चालला." मुलं हसली. त्यांच्या डोक्यातून ते दुसऱ्या मिनिटाला गेलं असेल. माझ्या डोक्यातून गेलं नाही.

तर एका रविवारी मी बडनेऱ्याला गाडी बदलून अकोल्याला गेलो.

मिस्त्री एका जिनिंग फॅक्टरीत फिटर होता. पन्नाशीला टेकलेला, बुटका, हाताची नखं कायमची काळी. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तो हवाईदलात जमिनीवरचा मेकॅनिक होता. विमानं उडवणारे साहेब, आणि ती उडतील अशी ठेवणारा हा. पाच वर्षांत त्याला एकदाही कोणी वर नेलं नाही. तेव्हापासून त्याच्या मनात हे होतं. कापसाचा हंगाम संपला की फॅक्टरीतलं रुईचं गोदाम रिकामं होतं, ते दसऱ्यापर्यंत रिकामंच राहतं. मालकानं त्याला त्या गोदामात काम करायची मुभा दिली होती. चार उन्हाळे घालवून त्यानं एक माणूस बसेल एवढं विमान उभं केलं होतं. परतवाड्याच्या डेपोतून आणलेलं सागवान, वर मांजरपाट ताणून त्याला चढवलेला लुकणाचा थर, आणि नाकाशी एका मिशनरी डॉक्टरानं मोडीत टाकलेल्या मोटारीचं चार सिलिंडरचं, हवेवर थंड होणारं इंजिन.

मी दारातच उभा राहिलो. खोटं कशाला सांगू, माझ्या अंगावर काटा आला.

"या मास्तर," तो म्हणाला. "बसा. म्हंजे उभेच राहा, बसाले अठी पंखाशिवाय काही नाही."

त्याची अडचण साधी होती. पेट्रोलच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरला नेमक्या क्षणी ठिणगी लागते. ती पडावी म्हणून कॉइलचा करंट तोडावा लागतो, आणि तो तोडायचं काम दोन छोटे पॉइंट करतात. मेकॅनिक लोक त्यांना प्लॅटिन म्हणतात. विमानाच्या गतीला या इंजिनाला सेकंदाला शंभर ठिणग्या हव्यात. मोटार रस्त्यावर कधी जोरात, कधी हळू चालते. विमानाचं इंजिन एकसारखं जोरात. त्यात बाजारात मिळणारे प्लॅटिन नकली. वीस-पंचवीस मिनिटांत ते जळून काळे पडत आणि इंजिन खोकायला लागे.

"मोटार बंद पडली त उतरून ढकलता येते," मिस्त्री म्हणाला. "हे वर बंद पडलं त कोन ढकलन?"

विमान उडवायच्या परवानगीचा त्याचा अर्ज हवाई खात्याच्या वरच्या कचेरीत पोचला होता. तिथला साहेब तपासणीला येणार होता. त्याच्यासमोर इंजिन जमिनीवर एक तास सलग, जोरात चालवून दाखवायचं होतं. चाललं तर पुढची परवानगी. नाही तर साहेबाचा दौरा पुन्हा कधी लागेल ते सांगता येत नव्हतं, आणि दसऱ्याला गोदामात कापूस येणार हे ठरलेलं. मिस्त्रीचे डोळेही आता बारीक अक्षराला दगा द्यायला लागले होते. आणखी दोन-चार वर्षं गेली असती तर डॉक्टरनंच त्याला उडू दिलं नसतं. हे त्यानं मला पहिल्याच दिवशी सांगितलं, अगदी सहज, पान्याला तेल लावता लावता.

मी म्हणालो, "प्लॅटिनवर पूर्ण करंट टाकायचाच कशाला? प्लॅटिननं फक्त इशारा करायचा. करंट ट्रान्झिस्टर तोडेल. जळायला काही राहणारच नाही."

"रेडिओतला ट्रान्झिस्टर?"

"त्याचा मोठा भाऊ."

"तो भाऊ दमदार हाय काय?"

"मिस्त्री, त्यात हलणारा भागच नाही. झिजणार काय?"

हे वाक्य मी किती ऐटीत बोललो होतो, ते आठवलं की अजून कान गरम होतात.

मोठे ट्रान्झिस्टर मिळवता मिळवता दोन महिने गेले. त्या काळी असली वस्तू दुकानात नसे, कोणाच्या तरी ओळखीनं मुंबईहून येई. पहिले दोन तर मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत एका दुपारीच मारले. कॉइलमधला करंट तोडला की तिच्यातून उलटा झटका येतो, तो त्यांनी खाल्ला. ते पुस्तकात लिहिलेलं होतं, मीच पान उलटून पुढं गेलो होतो. नंतर त्या झटक्याचा बंदोबस्त केला. पत्र्याची एक डबी करून घेतली, आत सगळं जोडलं, वरून मेण ओतलं, डबीला करडा रंग दिला आणि तिच्यावर पांढऱ्या अक्षरांत, इंग्रजीत, "इलेक्ट्रॉनिक इग्निशन" असं लिहिलं. अक्षर माझं चांगलं होतं.

प्रयोगशाळेत ती डबी मी तीन तास चालवली. लखलखीत निळी ठिणगी, एकही चूक नाही. एप्रिल सुरू होता, पण प्रयोगशाळेच्या दारा-खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या लावलेल्या होत्या आणि शिपाई त्यांच्यावर दर तासाला पाणी मारत होता. आत गारवा, वास छान. त्या गारव्याचा आणि माझ्या यशाचा काही संबंध असेल, हे माझ्या पदवीधर डोक्यात आलं नाही.

अकोल्यात गोदामाच्या मागच्या पटांगणात विमानाची शेपटी दोरखंडानं निंबाच्या बुंध्याला बांधली आणि इंजिन सुरू केलं. दुपारचे दोन. सावलीत एकशेचौदा डिग्री फॅरनहाइट. इंजिन असं गुळगुळीत चाललं की मिस्त्रीनं मला मिठी मारली. अकराव्या मिनिटाला ते शिंकलं. बाराव्याला फटफटलं. तेराव्याला बंद.

डबी उघडली. काही जळालेलं नाही, काही तुटलेलं नाही. अर्ध्या तासानं पुन्हा सुरू केलं तर शहाण्यासारखं चाललं. पुन्हा दहा मिनिटांनी बंद.

मिस्त्रीनं डबीला हात लावला आणि झटकन मागं घेतला. "मास्तर," तो म्हणाला, "याले ऊन लागलं."

"ट्रान्झिस्टरला ऊन लागत नसतं, मिस्त्री."

"मंग काय लागलं?"

त्याला उत्तर द्यायला मी अमरावतीला परत जाऊन पुस्तक उघडलं. जर्मेनियमचा ट्रान्झिस्टर तापला की गळायला लागतो. बंद असतानाही थोडा करंट जाऊ देतो. त्या करंटनं तो आणखी तापतो आणि आणखी गळतो. शेवटी त्याला बंद होणं जमतच नाही, आणि करंट तुटला नाही तर ठिणगी कुठली? पुस्तकातली सगळी गणितं सत्त्याहत्तर डिग्रीला केलेली. ते पुस्तक लिहिणाऱ्याच्या गावात उन्हाळ्यात तेवढंच तापत असणार. म्हणजे मिस्त्री म्हणाला तेच खरं होतं. मी मात्र त्याला ते तसं सांगितलं नाही. "लीकेजचा प्रश्न आहे," असं म्हणालो.

"हो ना," तो म्हणाला. "ऊन लागलं का मानसाचं बी लीकेज होते."

त्या मे महिन्यात मी काय काय केलं, ते आठवलं तरी वैताग येतो. उष्णता पसरावी म्हणून डबीच्या पाठीला जाड पत्रा हवा होता. बाजारातला पातळ. घरी गेलो तेव्हा मायची जर्मनची, म्हणजे अॅल्युमिनियमची परात दिसली, जाड, जुनी. मी ती कापली.

"परात कापली?" माय म्हणाली. "कॉलेजात जाऊन हेच शिकला काय तू? आता भाकरी कशात थापू, तुया पुस्तकावर?"

परातीचा पत्रा लावल्यावर इंजिन तेरा मिनिटांवरून एकोणीस मिनिटांवर गेलं. डबी इंजिनापासून दूर, विमानाच्या नाकावरच्या पंख्याच्या वाऱ्यात आणून बसवली. चोवीस मिनिटं. वारा तरी कसला, भट्टीच्या तोंडचा. दुसरा ट्रान्झिस्टर जोडीला लावून दोघांत काम वाटून दिलं. तर एक तापून सगळं ओझं स्वतःवर घ्यायचा आणि दुसरा मजेत बसून राहायचा. भाऊबंदकी! एकतीस मिनिटं. तिथून पुढं काही केल्या जाईना. सकाळी लवकर चालवलं तर पाऊण तास जायचं, पण साहेबाची गाडी येणार साडेअकराला.

या सगळ्यात चीड कशाची येत होती, तर काम उन्हाळ्यातच करता येत होतं. हिवाळ्यात हीच डबी दिवसभर चालली असती. पण हिवाळ्यात गोदामात कापूस. आमच्या मुलखात मोकळी जागा मिळते तेव्हाच आभाळातून आग पडते, त्याला कोण काय करणार!

साहेब यायच्या दोन दिवस आधी मी पोचलो, तर मिस्त्री डबीभोवती काहीतरी बांधत होता. जवळ जाऊन पाहिलं. छागल. मालट्रकच्या पुढं ड्रायव्हर पाण्याची जाड कापडी पिशवी टांगतात ना, ती. कापडातून पाणी पाझरतं, वाऱ्यानं सुकतं आणि आतलं पाणी गार राहतं. त्यानं ती परातीच्या पत्र्याला घट्ट चिकटवून सुतळीनं बांधली होती. थेंब थेंब गळत होती.

"हे काय?"

"याले पानी पाजून राहिलो."

"मिस्त्री, ही वीज आहे. पाणी आणि वीज…"

"मेन ओतलं ना तुमीच? मंग पानी आत कोठून जाईन? चालवून त पाहू."

चालवलं. एकतीस मिनिटं झाली. चाळीस झाली. मी डबीवर हात ठेवून उभा होतो. पंख्याचा वारा ओल्या कापडावरून जात होता आणि पत्रा माठासारखा गार लागत होता. तास झाला. एक तास दहा मिनिटांनी पेट्रोल संपलं म्हणून इंजिन थांबलं.

मिस्त्री नाचायचाच बाकी राहिला. "राजेहो! झालं का नाही? मास्तर, काहून गप्प?"

मी खूश व्हायला हवं होतं. झालोही, पण अर्धाच. चार महिने मी रात्रंदिवस आकडे मांडले, आणि उत्तर निघालं ड्रायव्हरच्या पिशवीतून.

दुसऱ्या दिवशी कॉलेजात गेलो तर विभागप्रमुख म्हणाले, "ऐकतोय मी. तपासणी आहे म्हणे तुमच्या उपकरणाची. मीही येतो. पाहू तरी." त्यांनी आजवर माझ्या कुठल्याही कामासाठी एवढे कष्ट घेतले नव्हते. बडनेऱ्याहून आम्ही एकाच डब्यातून गेलो. त्यांनी गाडीत मला दोन प्रश्न विचारले, तेही चांगले, बरोबरीच्या माणसाला विचारावेत तसे. मी उत्तरं दिली. "छान," ते म्हणाले. मूर्तिजापूर मागं पडलं. डोळ्यांसमोर ती छागल दिसायला लागली. करड्या डबीवर माझी इंग्रजी अक्षरं, आणि त्यांच्यावर आडवी तिडवी सुतळी.

स्टेशनवर साहेब भेटला. पांढरी पँट, काळा चष्मा, हातात चामड्याची फाइल. विभागप्रमुख आणि तो टांग्यात बसले. मी सायकल भाड्यानं घेऊन पुढं निघालो आणि त्यांच्या दहा मिनिटं आधी पटांगणात पोचलो. मिस्त्री धुतलेला शर्ट घालून उभा होता. छागल भरलेली, बांधलेली.

मी खिशातून चाकू काढला आणि सुतळी कापली.

"मास्तर? काय करून राहिले?"

"नको ही. बरी दिसत नाही."

"पाहाले काय नवरी हाय ते? ऱ्हाऊ द्या."

"काल संध्याकाळी मी हिशेब केला पुन्हा," मी म्हणालो. हे खोटं होतं. "आज वारा जास्त आहे. पंख्याच्या हवेवर निघेल तासभर."

त्याला पटलं नव्हतं. पण त्याच्या मनात शिकलेल्या माणसाबद्दल एक जागा होती, आणि ती जागा मीच चार महिने मोठी करत आणली होती.

"तुमी शिकलेले," तो म्हणाला. "तुमी म्हनान तसं."

छागल मी निंबामागं टाकली.

साहेबानं सगळं नीट पाहिलं. सांधे ठोकून पाहिले, मांजरपाटावर बोट वाजवून पाहिलं, मिस्त्रीला हिंदीत प्रश्न विचारले आणि त्याच्या उत्तरांवर मान हलवली. माझ्या डबीपाशी थांबून त्यानं वरची अक्षरं वाचली. "तुम्ही केलंत?" असं इंग्रजीत विचारलं. मी हो म्हणालो. विभागप्रमुख बाजूलाच होते. त्या दोन मिनिटांचं सुख मी लपवणार नाही.

इंजिन सुरू झालं. साहेबानं मनगट वर करून घड्याळ पाहिलं.

पहिली वीस मिनिटं उत्तम. पंचविसाव्या मिनिटाला मी डबीवर हात ठेवला आणि काढून घेतला. अठ्ठाविसाव्याला पहिली शिंक. मिस्त्रीनं माझ्याकडं पाहिलं. अजूनही वेळ होता. निंब दहा पावलांवर होता. मी जाऊन ती पिशवी आणून नुसती डबीवर दाबून धरली असती तरी चाललं असतं. मी गेलो नाही. एकतिसाव्या मिनिटाला इंजिन बंद पडलं. पंखा दोनदा डुलला आणि उभा राहिला. पटांगणात एवढी शांतता झाली की दोरखंड सैल पडल्याचा आवाज आला.

साहेब चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं. त्यानं मिस्त्रीला विचारलं, "इसके पहले कभी घंटाभर चला?"

"चला साब. परसों. एक घंटा दस मिनट."

मग साहेब माझ्याकडं वळला आणि इंग्रजीत बोलला. परवा आणि आज यांत काय बदललं, ते सांगा. कारण सापडत असेल तर तो रात्री डाकबंगल्यावर मुक्काम करून उद्या पुन्हा बघायला तयार होता. कारणच सापडत नसेल, तर कशामुळं थांबतं ते माहीत नसलेलं इंजिन तो माणसाला घेऊन वर पाठवणार नव्हता. अगदी रास्त बोलला.

विभागप्रमुख माझ्याकडं पाहत होते. मिस्त्रीही.

मी इंग्रजीत म्हणालो, "काही बदललं नाही."

मिस्त्रीला इंग्रजी लिहिता येत नव्हतं, पण पाच वर्षं साहेबांच्या हाताखाली काढलेल्या माणसाला एवढं कळतं. त्यानं तोंड उघडलं. मग मिटलं. साहेबासमोर, माझ्या प्रमुखांसमोर, त्यानं मला खोटं पाडलं नाही. एक शब्द बोलला असता तर त्याच्या विमानाला आणखी एक दिवस मिळाला असता.

साहेबानं फाइलमध्ये दोन ओळी लिहिल्या आणि संध्याकाळच्या गाडीनं गेला. विभागप्रमुख जाताना म्हणाले, "आपल्याकडच्या उन्हाचा विचार राहिला वाटतं." मी म्हणालो, "हो सर, राहिला."

सगळे गेल्यावर मिस्त्री निंबामागं गेला, छागल उचलून आणली, तिच्यातलं पाणी प्यायला आणि मला दिलं. "घ्या. थंड हाय."

मी छागल नुसतीच हातात धरली. मी म्हणालो, "शिव्या तरी द्या मिस्त्री."

"देतो ना. पन उद्या. आज मले काही सुचून नाही राहिलं."

दुसऱ्या दिवशीही त्यानं शिव्या दिल्या नाहीत. तिसऱ्या रविवारी मी गेलो तेव्हा म्हणाला, "साहेबाले चिठ्ठी लिवा. म्हना का एकडाव आनखी या." मी बसलो आणि पहिल्यांदा खरं लिहिलं. पाण्याची पिशवी लावून इंजिन तास दहा मिनिटं चाललं होतं. ती पिशवी मी, खाली सही करणाऱ्यानं, तपासणीच्या दहा मिनिटं आधी काढली आणि विचारल्यावर सांगितलं नाही. यात अर्जदाराचा दोष नाही. लिहून त्याला मराठीतून वाचून दाखवलं.

"हे खोडा," तो म्हणाला. "तुमच्या नावावर कायले घेता? लिवा का सुतळी तुटली अन् पिशवी पडली. सुतळीले कोन इचाराले जाते?"

"नाही खोडणार."

"नोकरी जाईन तुमची."

"या डबीपायी कोणाची नोकरी जात नाही, मिस्त्री. तेवढी तिची लायकी नाही."

तो हसला, तपासणीनंतर पहिल्यांदा.

उत्तर यायला पाऊसकाळ उजाडला. साहेबानं खरं सांगितल्याबद्दल आभार मानले होते. मात्र ओल्या पिशवीवर अवलंबून असलेली रचना विमानात मान्य होणार नाही, नेहमीची साधी व्यवस्था बसवावी आणि हिवाळ्यातल्या दौऱ्यात दाखवावी, असं कळवलं होतं. हिवाळ्यात! मी ते पत्र तीनदा वाचलं. त्यातलं एकही वाक्य चुकीचं नव्हतं, म्हणून जास्तच संताप आला. दोष कोणाला द्यावा? पिशवीतलं पाणी आभाळात संपलं तर काय, हा प्रश्न मलाही पडायला हवा होता. मी पिशवी काढली ती असल्या विचारानं काढली असती तर आज ताठ मानेनं सांगितलं असतं. मी काढली लाजेनं.

विभागप्रमुखांनाही मी सगळं सांगितलं. सांगायची गरज नव्हती, पण एकदा सांगायला लागलं की माणूस थांबत नाही. त्यांनी चष्मा काढला. "अहो, बाष्पीभवन!" ते म्हणाले. "कोरड्या हवेत ते उत्तमच चालणार. सुरेख कल्पना. काढलीत का तुम्ही?" खरंच त्यांना कळत नव्हतं. मी म्हणालो, "चुकलं सर," आणि तारा जोडायला गेलो.

मिस्त्रीनं कुठून तरी अस्सल प्लॅटिन मिळवले. माझी डबी काढून जुनी व्यवस्था बसवली. ती बसवायला मीच मदत केली, ठिणगीची वेळ मीच जुळवून दिली. भाद्रपदात एका ढगाळ दुपारी इंजिन एक तास चाललं. पाहायला आम्ही दोघं, आणि भिंतीवर बसलेला कावळा.

दसरा आला. फॅक्टरीच्या फाटकाबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग लागली. मालकानं मिस्त्रीला आठ दिवस जास्त दिले होते, ते संपले. विमान मोडलं नाही, एवढं खरं. पंख सोडवून वेगळे केले आणि कोळशाच्या शेडमागं, ताडपत्रीखाली ठेवायचं ठरलं. एकेक पंख न्यायला चार हमाल. मी आणि मिस्त्रीनंही खांदा दिला.

पटांगण ओलांडताना पुढच्या हमालानं मान वळवून विचारलं, "मिस्त्री, हे खरंच उडते काय?"

"मले काय माहीत," मिस्त्री म्हणाला. "मी कोठी उडलो? मास्तरले इचार. ते शिकलेले हायेत."

"उडलं असतं," मी म्हणालो.

"मंग काहून नाही उडलं?"

खांद्यावर पंख होता, खाली ठेवता येत नव्हता, म्हणून चालता चालता सांगितलं. डबी तापत होती. मिस्त्रीनं तिला छागल बांधली, तेव्हा ती चालली. साहेब आला तेव्हा मला त्या छागलीची लाज वाटली आणि मी ती काढून फेकली. साहेबानं विचारलं तेव्हा खोटं बोललो. इतकंच. पहिल्यांदाच मी हे आमच्या बोलीत, चार माणसांत, मोठ्यानं बोलत होतो. मिस्त्री माझ्या मागं होता. त्याचा चेहरा दिसत नव्हता.

हमालानं खांदा बदलला. मग म्हणाला, "एवढंच ना? मंग लावा ना परत. छागल का महाग भेटते?"

फाटकातून पहिली गाडी आत येत होती, म्हणून आम्ही घाई केली आणि पंख भिंतीला टेकवून उभा केला.